गाडीमागच्या घरातला बंब

आमच्या जावईबापूंना जुन्या वस्तूंचा भारी सोस. मुलगी अमेरिकेत मिशिगन राज्यात राहते. दोन वर्षांमागे तिनं फोनवर सांगितलं, "आई, यानं एक घर विकत घेतलंय. चाकांवरचं. तुझ्या लग्नापेक्षा दहा वर्षांनी जुनं!" मला वाटलं, चेष्टा करतेय. पण २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी तिच्याकडे गेले, तेव्हा खरोखरच मागच्या अंगणात ते उभं होतं. पांढऱ्या पत्र्याचं, पोटावर पिवळा पट्टा असलेलं, दोन चाकांचं खोकं. तिकडे त्याला ट्रेलर म्हणतात. मोटारीच्या मागे अडकवायचा आणि निघायचं. हा १९७३ सालचा. आत दोन शेगड्यांची चूल, हाताएवढं मोरीचं भांडं, दिवसा टेबल आणि रात्री पलंग होणारी बाकं, आणि कपाटाएवढी न्हाणी. आपल्याकडच्या रेल्वेच्या फर्स्टक्लासच्या डब्यात संसार मांडावा, तसं काहीसं. मला तो बघताक्षणी आवडला, हे मी जावयांना लगेच सांगितलं नाही. माणसानं लगेच सगळं सांगू नये.

सप्टेंबरच्या शेवटी आम्ही लडिंग्टन नावाच्या गावाजवळच्या सरकारी उद्यानात चार दिवस राहायला गेलो. लेकीच्या घरापासून दीड-दोन तासांवर. मिशिगन सरोवर म्हणजे नुसतं नावाचंच सरोवर. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, वाळूच्या टेकड्या आहेत, फक्त पाणी तेवढं गोडं. तिथून मैल-दोन मैल चालत गेलं की काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचं एक दीपगृह लागतं, १८६७ सालचं. नातीनं मला तिथवर चालवत नेलं आणि येताना स्वतः बापाच्या खांद्यावर बसून आली.

आता मुद्द्याचं. माझी एक जुनी खोड आहे. सकाळी अंघोळ झाल्याशिवाय मला चहाचा घोट गोड लागत नाही. पारोशानं स्वयंपाकाला हात लावायचा नाही, हे सासूबाईंनी चाळीस वर्षांपूर्वी अंगात मुरवलं, ते परदेशातही गेलं नाही. उद्यानात सार्वजनिक न्हाणीघर होतं, पण चांगलं लांब. सकाळी पारा आठ-नऊ अंशांवर. म्हणून जावई म्हणाले, "आई, तुम्हाला कुठे जायला नको. आपल्या ट्रेलरमध्ये गरम पाणी आहे."

गरम पाणी होतं, पण ते तापायला तयार नव्हतं.

ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून हातभर उंचीवर पत्र्याचं एक झाकण होतं, खिडकीच्या झडपेसारखं, त्याला जाळीदार खाचा. जावयांनी ते उघडलं आणि मी जवळ जाऊन पाहते तो काय, आत आपला बंब! खोटं नाही सांगत. आपल्या तांब्याच्या बंबात मधोमध नळा असतो, त्यात ढलपे-गोवऱ्या पेटवायच्या आणि भोवती पाणी. इथेही तेच. सहा गॅलनची, म्हणजे साधारण तेवीस लिटरची टाकी. तिच्या पोटातून गेलेला वाकडा नळा. खालच्या तोंडातून जाळ आत शिरतो, वळसा घेतो आणि वरच्या तोंडानं धूर बाहेर पडतो. फरक एवढाच की लाकडाऐवजी गॅस. ट्रेलरच्या पुढच्या टोकाला नऊ किलोचं गुटगुटीत सिलिंडर बसवलेलं होतं. आपल्याकडच्या चौदा किलोच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन अशी भेसळ असते. तिकडे निव्वळ प्रोपेन, कारण ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच नाकारतो. थंड देशात तो काय कामाचा!

जावई पुस्तक वाचून वाचून एकेक पायरी करत होते. आधी त्यांनी टाकीवरच्या सुरक्षा झडपेचा खटका उचलून पाणी येतंय ना ते बघितलं. टाकी रिकामी असताना खाली जाळ लावला की संपलंच. (आपला बंबही पाणी न घालता पेटवला की झाळ सुटतो. आमच्या धाकट्या जाऊबाईंनी नव्या नवरीपणी हा पराक्रम केला होता.) मग आतली चूल पेटवून गॅस येतोय याची खात्री केली. मग बाहेर येऊन बटण 'पायलट'वर फिरवून दाबून धरलं आणि काडी लावली. इवलीशी ज्योत पेटली. मिनिटभर दाबून बटण सोडलं, की ज्योत गुल. पुन्हा पेटवली, पुन्हा गुल. प्रत्येक वेळी मध्ये पाच मिनिटं थांबायचं, साठलेला गॅस उडून जायला. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली बसतो, म्हणून वास वाकून घ्यावा लागतो. एका तासात जावयांनी आठ-दहा वेळा काडी ओढली असेल. लेक आतून म्हणाली, "राहू दे ना रे, आईला पातेल्यात पाणी तापवून देते." त्यावर त्यांनी पुन्हा काडी ओढली.

त्या छोट्या ज्योतीच्या तोंडाशी धातूची एक बारीक कांडी असते. ज्योतीनं ती तापली की तिच्यात कणभर वीज तयार होते आणि तेवढ्या विजेवर गॅसची झडप उघडी धरली जाते. ज्योत विझली, कांडी निवली, की झडप आपोआप बंद. वीज ना बॅटरी, पन्नास वर्षांपूर्वीची ही युक्ती मला फार आवडली. जावयांना वाटलं, कांडीच गेली. दुपारी गावात जाऊन नवी घेऊन आले, बसवली. ज्योत पुन्हा गुल.

मी इतका वेळ खुर्ची टाकून शेंगा सोलत बसले होते. जावयाच्या कामात सासूनं बोलू नये. पण शेवटी राहवेना. म्हटलं, "जावईबापू, ज्योत पिवळी का हो?"

"म्हणजे?"

"म्हणजे निळी नाही. पिवळी आणि सुस्त आहे. वर वर जातेय, त्या कांडीला लागतच नाहीये."

ज्या बाईनं पंधरा वर्षं रॉकेलच्या स्टोवर स्वयंपाक केला, तिला पिवळ्या ज्योतीचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी. भांडी काळी होणार, डोळे चुरचुरणार, आणि सासूबाई आतून विचारणार, "पिन मारलीस का?" मी पिन मागितली, पण ती जावयांनी देऊ केली नाही. पुस्तकात ठळक लिहिलं होतं, भोकात तार घालायची नाही. भोक मोठं झालं की ज्योत कायमची बिघडते. ते खरंच होतं. आमच्या एका स्टोचा बर्नर पिना मारमारूनच वाया गेला होता.

गॅस बंद करून त्यांनी ज्योतीची नळी सोडवली आणि फुंकर मारली, तर पांढरी धूळ उडाली. मोठ्या जाळाच्या नळीत बॅटरीचा उजेड टाकला, तर आत रेशमासारखं जाळं, मधोमध कोळीणबाईंची पांढरी पोटली! वर्षातले सात-आठ महिने हे घर अंगणात उभंच असतं, तेव्हा तिला याहून सुरक्षित बाळंतपणाची खोली कुठे मिळणार? गॅसच्या वासानं कोळी तिथे येतात असंही तिकडचे लोक म्हणतात. नातीच्या पाण्याच्या बाटलीची नळी धुवायचा बारीक ब्रश होता, तो आत फिरवून मी सगळं काढलं. (तो ब्रश मग टाकून दिला, हे नातीच्या आईसाठी इथे नमूद करते.) नळ्या बसवल्या, काडी लावली. ज्योत निळी, टोकदार, कांडीला बिलगून. मिनिटानं बटण सोडलं, ज्योत टिकली. पुढे फिरवलं आणि भुस्सकन मोठा जाळ पेटला. जावयांनी मला चक्क वाकून नमस्कार केला. मीही 'अखंड सौभाग्यवती भव' म्हणून गेले, आणि मग दोघंही हसलो.

झाकण लावून आम्ही आत आलो. वीस मिनिटांनी जावई बघायला गेले, तर बंब गार. ज्योत विझलेली.

ते म्हणाले, वारा. पुन्हा पेटवला. झाकण उघडं ठेवून समोर उभे राहिलो तर दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, उत्तम जळतोय. झाकण लावलं की जाळ आधी पिवळा होतो, लपलपतो, आणि विझतो. मी वाकून खाचांतून बघत होते. तेव्हा मला दिसलं की झाकणाच्या आतून बारीक तारेची जाळी लावलेली आहे, आणि ती जाळी धुळीनं आणि सावरीच्या कापसासारख्या म्हाताऱ्यांनी गच्च भरलीय. झाकणाच्या वर बाहेरच्या पत्र्यावर काजळीचा पंखा उमटला होता. तो मी पहिल्याच दिवशी पाहिला होता, पण जुन्या घराला डाग असायचेच, म्हणून गप्प बसले होते.

"ही जाळी कुणी लावली?"

"मीच," जावई म्हणाले. "मागच्या वर्षी. गांधीलमाश्या आत घर करतात म्हणून."

त्याच झाकणातून बंबाला हवा जायची आणि त्यातूनच धूर बाहेर यायचा. जाळीनं दोन्ही अडवलं. बंब स्वतःचाच धूर ओढून गुदमरत होता.

मैत्रिणींनो, मी तिथे त्या ओल्या गवतावर मटकन बसले. जावयांना वाटलं, मला चक्कर आली. ते लेकीला हाक मारायला लागले. लेक धावत आली, आणि का कोण जाणे, एकोणीस वर्षं जे कुणाला बोलले नव्हते ते त्या दोघांसमोर बोलून गेले.

२००४ चा जानेवारी. लेक बारावीला. आम्ही तेव्हा सांगलीत राहत होतो. आदल्याच दिवाळीत बंब मोडीत काढून गॅसचा गीझर घेतला होता. भिंतीवरचा, नळ सोडला की बॅटरीनं भप्पकन पेटणारा. लावणाऱ्या माणसानं तो थेट न्हाणीतच, नळाच्या वर लावून दिला. धुराला नळी नाही की काही नाही. न्हाणीला वर एक लहानसा झरोका होता. त्या थंडीत त्यातून वारा यायचा. पोरगी पहाटे उठून अभ्यास करायची, सर्दी झाली तर परीक्षेचं काय, म्हणून मी वर्तमानपत्राचा बोळा करून तो झरोका बुजवला. दारालाही खाली पायपुसणं लावलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आत गेली आणि बाहेर येईना. हाका मारल्या. नुसता पाण्याचा आवाज. ह्यांनी खांद्यानं दार मोडलं. पोर फरशीवर, ओठांना फेस, हातपाय झटके देत होते. उचलून अंगणात आणली, तेव्हा दोन-चार मिनिटांनी डोळे उघडले आणि ती ओकली. पहिल्या डॉक्टरांनी फिट आली म्हणून गोळ्या लिहून दिल्या, मेंदूचा फोटो काढायला सांगितलं. फोटोत काही नाही. दुसऱ्या एका वयस्कर डॉक्टरांनी तपासण्याआधीच विचारलं, "गीझर गॅसचा आहे का?"

हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्या रक्ताला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणसाला कळायच्या आत डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, कडी काढायलाही हात उचलत नाही. आपल्याकडे न्हाणीत गॅसच्या गीझरनं माणसं गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

डॉक्टरांनी हे ह्यांना सांगितलं तेव्हा हे मला म्हणाले, "झरोका तर आहे ना आपल्याकडे?" मी म्हटलं, "आहे." कारण त्याआधीच, सगळे तिला घेऊन रिक्षात बसत असताना, मी स्टुलावर चढून तो बोळा काढला होता आणि चुलीत घातला होता. गीझर त्याच आठवड्यात काढून टाकला. दोष गीझरवर गेला, लावणाऱ्यावर गेला. माझ्यावर कुणी ठेवला नाही. हे २०१९ साली गेले. त्यांना सांगायचं राहूनच गेलं.

लेक काही वेळ बोलली नाही. गवताची काडी तोडत राहिली. मग म्हणाली, "म्हणून मला दोन वर्षं कडी लावू देत नव्हतीस?"

"हो."

"मी किती चिडायचे तुझ्यावर! बाहेर उभी राहून दर दोन मिनिटांनी 'बरी आहेस ना' विचारायचीस. माझ्या मैत्रिणी आल्या असतानासुद्धा." ती हसायला लागली, आणि मग तोंड फिरवून उठली आणि ट्रेलरमध्ये गेली. आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज येत होता. धुतलेलीच भांडी ती पुन्हा धूत होती. मी मागून गेले नाही. जावयांनी पक्कड घेऊन जाळीचे सगळे स्क्रू काढले आणि ती चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. नंतर पुस्तकात बघितलं, तर तिथेही लिहिलं होतं की झाकणाला जाळी लावू नये. त्यांनी ते पान वाचलं नव्हतं. वाचलं असतं तरी लावली असती, असं तेच म्हणाले. गांधीलमाश्या डोळ्यांना दिसतात.

इथे थोडं तुमच्याशी. ट्रेलर काही आपल्याकडे कुणाच्या दारात नाही. पण गॅसचा गीझर पुष्कळ घरांत आहे, वीज वाचते म्हणून. तो न्हाणीत नको. बाहेर गॅलरीत किंवा मोकळ्या भिंतीला लावून गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यावी. ते होईपर्यंत निदान बादली आधी भरावी, गीझर बंद करावा, दार उघडून हवा जाऊ द्यावी आणि मगच अंघोळीला जावं. झरोक्याला थर्मोकोल, पुठ्ठा, जुनी साडी, काही लावू नका. थंडी वाजली तर वाजू दे. भाडेकरू असाल तर घरमालक काय म्हणेल याचा विचार करू नका. आणि जाळ पिवळा दिसला, भोवती काजळी धरली, किंवा घरातल्या कुणाचं डोकं फक्त अंघोळीनंतरच दुखत असलं, तर गीझर त्याच दिवशी बंद. तिकडे ट्रेलरमध्ये या वायूची सूचना देणारं एक यंत्र भिंतीवर असतं, आणि गॅस गळला तर ओरडणारं दुसरं खाली जमिनीजवळ. पहिल्या रात्री थंडी वाजली म्हणून मी खिडक्या लावून दोन्ही शेगड्या पेटवायला निघाले होते, तेव्हा लेक माझ्यावर केवढ्यांदा ओरडली होती. मला राग आला होता. चुलीवर ऊब घ्यायची नाही, म्हणे! आमचं सगळं बालपण चुलीपुढे गेलं. पण ते स्वयंपाकघर कौलारू होतं, फटी होत्या, धुराडं होतं.

संध्याकाळी बंब नीट चालू राहिला. झाकण लावलेलं, जाळ निळा. अर्ध्या तासानं मी नळ सोडला तर पाणी कोमट! आता मात्र जावयांचा चेहरा बघवेना. पण हे दुखणं लहान होतं. तिकडे हिवाळ्यात नळ्यांत पाणी गोठून त्या फुटतात, म्हणून थंडीआधी पाणी काढून नळ्यांत एक गुलाबी औषध भरून ठेवतात. ते बंबात जाऊ नये म्हणून त्याला वळसा घालणारी नळी असते, तिला तीन चाव्या. वसंतात त्यांनी दोन फिरवल्या होत्या, तिसरी विसरले होते. बाकाखाली हात घालून ती फिरवली. वळशानं येणारं गार पाणी थांबलं आणि नळाला वाफ आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मी त्या कपाटाएवढ्या न्हाणीत शिरले. कोपर हलवायला जागा नाही. घंघाळ नाही, तांब्या नाही, टांगलेल्या नळीची बारीकशी धार. पण पाणी कढत. छताला एक झडप होती, ती लेकीनं आधीच उघडून ठेवली होती. मी पाठीवर पाणी घेतलं असेल-नसेल, तोच दारावर टकटक झाली.

"आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे गं."

मी साबण लावला. पुन्हा टकटक.

"आई?"

"अगं, आहे ना!"

तेवीस लिटर पाणी संपेपर्यंत तिनं मला पाच वेळा विचारलं. कडी मी लावलीच नव्हती.